धनुष्कोडी: वाळूच्या टोकावरचं स्टेशन

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला आलेल्या चक्रीवादळाने रेल्वेच्या दोन गोष्टी मोडल्या. पहिली म्हणजे पांबनचा पूल. मुख्य भूमी आणि रामेश्वरचं बेट यांना जोडणारा हा पूल दोन किलोमीटरहून अधिक लांब होता. दुसरी म्हणजे धनुष्कोडी स्टेशन, बेटाच्या पार आग्नेय टोकाला, जिथे भारतातला लोहमार्ग संपायचा. पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. स्टेशन पुन्हा कधीच उभं राहिलं नाही.

वादळ एक, रेल्वे खातं एक, मग दोघांच्या वाट्याला इतकं वेगळं नशीब का आलं? याचं उत्तर शोधायला त्या रात्रीच्या बरंच मागे जावं लागतं. वाळू, वारा, आगबोट, चहाचे मळे आणि काशी-रामेश्वरची यात्रा या सगळ्यांचा त्यात हात आहे.

दोन पाण्यांमधली पट्टी

रामेश्वरचं बेट पश्चिमेकडे रुंद आहे आणि पूर्वेकडे निमुळतं होत जातं. शेवटी उरते ती वाळूची एक लांब, अरुंद पट्टी. तिच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचं आखात. उत्तरेकडचं पाणी उथळ आणि बऱ्याचदा शांत असतं, दक्षिणेकडचं आखात खोल आणि उसळतं. पट्टीच्या टोकाला अरिचल मुनै म्हणतात. तिथून पुढे वाळूच्या उथळ बेटांची माळ थेट श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत जाते. हाच रामसेतू. पलीकडचं तलैमन्नार इथून साधारण तीस किलोमीटरवर आहे.

ही जमीन खडकाची नाही. लाटा आणि प्रवाह किनाऱ्याच्या कडेने वाळू वाहून आणतात, जिथे वेग मंदावतो तिथे ती टाकतात आणि मोसम पालटला की त्यातली बरीचशी उचलूनही नेतात. ईशान्य मोसमी वारा एका दिशेने रेटतो, नैऋत्य मोसमी वारा दुसऱ्या दिशेने. या देण्याघेण्यातून पट्टी तयार झाली आणि तिचा आकार आजही बदलतो आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एका अभ्यासानुसार १९४८-४९ मध्ये मन्नारच्या आखाताकडची जवळपास अर्धा किलोमीटर रुंद पट्टी खचून पाण्याखाली गेली. म्हणजे १९६४ च्या दीड दशक आधीच समुद्राने इथली जमीन मागायला सुरुवात केली होती.

तरीही इथे माणसं राहत होती, आणि त्याचं कारण वाळूतच सापडतं. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना धनुष्कोडीचे कोळी हाताने खड्डा खणतात आणि त्यात पिण्याजोगं पाणी मिळतं. खड्डा खोल गेला की खारं लागतं, म्हणून फार खणायचं नाही, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा आहे.

यात्रेकरू तर रेल्वेच्या कितीतरी शतकं आधीपासून येत होते. काशीची गंगा आणून रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू नेऊन प्रयागच्या संगमात सोडायची, असा या यात्रेचा पूर्ण फेरा. मराठी माणसाला तो नव्याने सांगायला नको. रामेश्वरासाठी आणलेली कावडीतली गंगा एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. तंजावरच्या मराठा राजांनी या सेतुमार्गावर जागोजागी छत्रं बांधली. तिथे वाटसरूला जेवण आणि निवारा मिळे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातलं ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलंच. महाराष्ट्रातून निघालेल्या यात्रेकरूला शेवटच्या टप्प्यावर मराठी राजाच्या घरचं अन्न मिळायचं. बेटावर पोचायला मात्र होडी लागायची आणि टोकापर्यंत जायला वाळू तुडवावी लागायची किंवा पुन्हा होडीच.

एका तिकिटावर कोलंबो

रेल्वे इथे आली ती यात्रेकरूंसाठी नव्हे, सिलोनसाठी, म्हणजे आजच्या श्रीलंकेसाठी. मद्रासहून कोलंबोला जाणारा प्रवासी पूर्वी गाडीने तुतिकोरिनला जाई आणि तिथून आगबोटीत बसे. आगबोटीला कोलंबो गाठायला एक अख्खी रात्र लागे. खवळलेल्या मन्नारच्या आखातात ही रात्र सुखाची नसे. शिवाय सिलोनच्या चहाच्या आणि रबराच्या मळ्यांना तमिळ मजुरांची सतत गरज होती, आणि हजारो माणसं दरवर्षी या मार्गाने जात-येत होती. नकाशा पाहिला की उपाय उघड दिसतो. रूळ रामेश्वरच्या बेटावरून टोकापर्यंत न्यायचे, म्हणजे समुद्राचा प्रवास काही तासांवर येतो.

अडचण होती पांबनच्या खाडीची. तिच्यावर पूल बांधायचा तर वरून रेल्वे जायला हवी आणि खालून जहाजंही. म्हणून मधला एक गाळा उघडणारा केला. शेर्झर पद्धतीचे दोन भव्य पंख दोन्ही बाजूंनी मागे कलत आणि मधली वाट मोकळी होई. ते उघडण्याचं काम माणसं लीव्हर फिरवून हातांनी करत. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल सुरू झाला. २०१० मध्ये बांद्रा-वरळी सागरी सेतू पूर्ण सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब सागरी पूल हाच होता.

पूल ओलांडला की पांबन जंक्शन. तिथे रुळांना दोन वाटा फुटत. एक फाटा उत्तरेकडे रामेश्वरला जाई आणि मुख्य मार्ग सरळ पूर्वेला धनुष्कोडीला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेल्वेच्या हिशेबात ज्योतिर्लिंगाचं रामेश्वर हा फाटा होता आणि वाळूच्या टोकावरचं धनुष्कोडी हे मुख्य ठाणं.

साउथ इंडियन रेल्वे कंपनीची मीटरगेजवरची बोट मेल मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून सुटे आणि धनुष्कोडीच्या धक्क्याशी येऊन थांबे. प्रवासी उतरून आगबोटीत चढत, तलैमन्नारच्या धक्क्यावर उतरत आणि समोर उभ्या असलेल्या सिलोन सरकारच्या ब्रॉडगेज गाडीत बसून कोलंबोला जात. दोन देशांचे रूळ, दोन रुंदीचे मार्ग आणि मधे एक समुद्र, तरी प्रवासाला तिकीट एकच. आगबोटींना व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची नावं होती. सुरुवातीला कर्झन, हार्डिंज, एल्गिन. पुढे आयर्विन आणि गोशेन.

मधला समुद्रही पुलाने ओलांडावा, असा विचार त्या काळी झाला होता. वाळूच्या बेटांवरून थेट तलैमन्नारपर्यंत रूळ न्यायचे, अशी ती योजना. खर्चाचा आकडा आणि १९१४ मध्ये पेटलेलं महायुद्ध यांपुढे ती मागे पडली. ती पुरी झाली असती तर धनुष्कोडी हे वाटेवरचं एक लहानसं स्टेशन राहिलं असतं. ती झाली नाही, म्हणून ते शेवटचं स्टेशन झालं, आणि शेवटच्या स्टेशनाभोवती गाव वसतं.

स्टेशनाभोवतीचं गाव

गाडी आणि बोट यांच्या वेळा कितीही जुळवल्या तरी माणसाला मधे थांबावं लागतं. सामान तपासायचं असतं, तार करायची असते, चहा प्यायचा असतो. या थांबण्यातूनच धनुष्कोडीचं गाव वाढलं. सीमाशुल्काचं कार्यालय, पोस्ट आणि तारघर, बंदराची कचेरी, रेल्वेचा दवाखाना, प्राथमिक शाळा, चर्च, दुकानं, हॉटेलं, रेल्वे कर्मचाऱ्यांची घरं असं सगळं या पट्टीवर उभं राहिलं. बांधकामाला प्रवाळाचे दगड वापरले गेले, कारण तेच हाताशी होते. गावातल्या मूळच्या कोळ्यांना आता मासळीसाठी गाडी मिळाली आणि धक्क्यावर हमालीही.

इथून गेलेल्यांत सर्वांत मोठी संख्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांची होती. कंगाणी नावाचा मुकादम गावोगाव फिरून माणसं गोळा करी. साथीचे रोग सिलोनमध्ये शिरू नयेत म्हणून त्यांना आधी मंडपम इथल्या छावणीत काही दिवस ठेवून तपासलं जाई. त्या छावणीची आठवण मंडपम कँप या स्टेशनाच्या नावात अजून आहे. छावणीतून सुटलेली कुटुंबं धनुष्कोडीला बोटीत बसत. त्यांच्यातल्या कित्येकांनी भारताची जमीन शेवटची पाहिली ती याच धक्क्यावर. कँडी आणि नुवारा एलियाच्या डोंगरांवर आज जो तमिळ समाज आहे, त्याच्या पूर्वजांतल्या पुष्कळांची वाट या स्टेशनातून गेलेली आहे. या स्टेशनाचा इतिहास साहेबांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यापेक्षा या माणसांचा अधिक आहे, आणि तो त्यांच्या नावाने सांगितला गेला पाहिजे.

याच लोहमार्गाशी एका मुलाची पहिली कमाई जोडलेली आहे. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १९३१ मध्ये रामेश्वरला झाला. त्यांच्या वडिलांनी यात्रेकरूंना रामेश्वरहून धनुष्कोडीला नेण्यासाठी लाकडी होडी बांधली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरचा थांबा बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून रामेश्वर रोडपाशी खाली टाकले जात. ते गोळा करायला मदत करून छोट्या कलामांनी आयुष्यातले पहिले पैसे मिळवले, असं त्यांनी ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात सांगितलं आहे. ती गाडी धनुष्कोडीची होती.

२२ डिसेंबरची रात्र

१९६४ च्या डिसेंबरच्या मध्यावर अंदमानच्या दक्षिणेकडच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळ क्वचितच जोर धरतं, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारं वळण तिथे फार क्षीण असतं. हे वादळ मात्र वाढत गेलं, पश्चिमेकडे सरकलं आणि २२ तारखेला उत्तर श्रीलंका ओलांडून पाल्कच्या समुद्रात आलं. तिथल्या वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे.

वाऱ्याइतकीच भीती होती पाण्याची. वादळाच्या पोटातला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तिथली समुद्राची पातळी थोडी वर उचलली जाते. पण खरा घात वारा करतो. खोल पातेल्यातल्या पाण्यावर फुंकर मारली तर ते जागच्या जागी ढवळतं. परातीत बोटभर पाणी घेऊन फुंकर मारली तर ते सगळं पलीकडच्या काठाला जाऊन चढतं. पाल्कचा उपसागर परातीसारखा आहे. वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला खाली परतून जायला खोली मिळाली नाही, तेव्हा ते वाळूच्या पट्टीवर चढलं. लाटांची उंची सात मीटरच्या आसपास होती, असं सांगितलं जातं. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या जमिनीला तेवढ्या पाण्यापुढे लपायला जागा नव्हती.

त्या रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गाडी पांबनहून धनुष्कोडीला निघाली. सहा डबे, तिकीट काढलेले ११० प्रवासी आणि पाच रेल्वे कर्मचारी. धनुष्कोडी जवळ आलं तेव्हा सिग्नल मिळत नव्हता. ड्रायव्हर थांबला, शिटी देत राहिला, आणि उत्तर येईना तेव्हा गाडी पुढे काढली. स्टेशन काहीशे यार्डांवर असताना पाण्याची भिंत गाडीवर आली. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. तिकिटाशिवाय बसलेले लोक धरले तर मृतांचा आकडा दोनशेच्या जवळ जातो, असं अनेकांचं म्हणणं आहे.

ड्रायव्हरने थांबून राहायला हवं होतं का, हा प्रश्न पुढे अनेकदा विचारला गेला. पण वाळूच्या त्या पट्टीवर थांबण्याजोगी उंच जागाच कुठे होती? पुढे स्टेशन होतं, मागे तितकीच उघडी जमीन आणि दोन्ही बाजूंना समुद्र. त्या माणसावर दोष ठेवण्याआधी पायाखालची जमीन पाहायला हवी.

तारा तुटल्या होत्या, त्यामुळे बातमी बाहेर पोचायलाच वेळ गेला. गाव वाहून गेलं होतं. स्टेशन, धक्का, पोस्ट, शाळा, घरं यांच्या जागी तुटक्या भिंती उरल्या. पाणी रामेश्वरच्या मंदिराच्या जवळपर्यंत आलं होतं आणि लोकांनी मंदिरातच आसरा घेतला होता. भारत आणि श्रीलंका मिळून या वादळात सुमारे १,८०० माणसं गेली. रामेश्वर आणि धनुष्कोडी यांच्या मधलं कोदंडरामस्वामी मंदिर मात्र तगून राहिलं. सरकारने धनुष्कोडी हे राहण्यास अयोग्य गाव म्हणून जाहीर केलं.

४६ दिवस

त्याच रात्री पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात गेले. मधला शेर्झर गाळा आणि बहुतेक खांब मात्र उभे होते. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरवली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम सोपवलं ई. श्रीधरन या ३२ वर्षांच्या अभियंत्याकडे. नवे गर्डर घडवून इतक्या दूर आणायचे तर मुदत पाळणं अशक्य होतं. समुद्रात पडलेले गर्डर कुठे आहेत हे स्थानिक कोळ्यांनी दाखवलं. ते तळातून वर काढून पुन्हा खांबांवर चढवण्यात आले आणि ४६ दिवसांत पुलावरून गाडी गेली. श्रीधरन यांना रेल्वेमंत्र्यांकडून एक हजार रुपयांचं बक्षीस मिळालं. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वेची धुरा त्यांच्याकडेच आली. रोह्यापासून खाली दऱ्या, बोगदे आणि खाड्यांमधून गाडी धावते, तिच्यामागे पांबनला घडलेला हात आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. पूल लगेच का आणि स्टेशन कधीच का नाही?

पहिलं कारण जमिनीचं. पुलाचे खांब खाडीच्या तळातल्या कठीण थरावर रोवलेले होते, म्हणून वरचं गेलं तरी खालचं राहिलं. धनुष्कोडीच्या रुळांखालची जमीनच पाण्याबरोबर गेली होती किंवा जागा सोडून हलली होती. पुन्हा रूळ टाकले तर ते पुन्हा वाळूवरच पडणार होते.

दुसरं कारण गरजेचं. पूल नसेल तर अख्खं बेट तुटतं. तिथली हजारो माणसं, मंदिर, यात्रा आणि मासळीचा बाजार, सगळंच. धनुष्कोडीचं मोल मात्र एकाच गोष्टीत होतं, ते म्हणजे सिलोनशी जवळीक. थोडा लांबचा समुद्रप्रवास मान्य केला तर बोट रामेश्वरहूनही सुटू शकत होती. तसंच झालं. जो फाटा होता तो मुख्य मार्ग झाला आणि मुख्य मार्ग कायमचा पुसला गेला.

पलीकडचं स्टेशन

वादळाच्या जेमतेम दोन महिने आधी, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदारनायके यांनी करार केला होता. मळ्यांवरच्या तमिळ लोकांपैकी ५,२५,००० जणांना भारताने नागरिकत्व द्यायचं आणि ३,००,००० जणांना सिलोनने, असं त्यात ठरलं. ज्यांचे आजे-पणजे धनुष्कोडीहून गेले होते, त्यांच्या परतीची वेळ आली तेव्हा धनुष्कोडीच उरलं नव्हतं. परतणारी कुटुंबं रामेश्वरला उतरली आणि पुष्कळजण पुन्हा मंडपमच्याच छावणीत आले.

श्रीलंकेतल्या यादवी संघर्षामुळे १९८४ मध्ये रामेश्वर-तलैमन्नार बोटही थांबली. पुढे युद्धात तलैमन्नारचा लोहमार्गही उखडला गेला. युद्ध संपल्यावर भारताच्या इरकॉन कंपनीने तो नव्याने बांधला आणि १४ मार्च २०१५ रोजी तलैमन्नारला गाडी परत आली. आज समुद्राच्या त्या काठाला स्टेशन जिवंत आहे, या काठाला ते नाही आणि मधे बोटही नाही. चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला लोक मात्र अजून बोट मेलच म्हणतात.

पुन्हा रूळ टाकावेत का?

२०१७ मध्ये अरिचल मुनैपर्यंत डांबरी रस्ता झाला. तेव्हापासून धनुष्कोडीला पर्यटकांची रीघ लागते. २०१९ मध्ये रामेश्वर ते धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचं भूमिपूजन झालं. ६ एप्रिल २०२५ रोजी पांबनला नवा पूल सुरू झाला. त्याचा मधला ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पर्यावरणाच्या प्रश्नावर अडला.

तो अडला हे मला योग्य वाटतं. धनुष्कोडीबद्दलची ओढ मी समजू शकतो. एका तिकिटावर दोन देश जोडणाऱ्या स्टेशनाची आठवण कुणालाही हलवून सोडेल. पण १९१४ मध्ये इथे रूळ आणण्यामागे एक ठोस काम होतं. पलीकडे बोट होती, माणसं होती, दळणवळण होतं. आज पलीकडे जाणारी बोट सुरू नसताना केवळ टोक पाहण्यासाठी हलत्या वाळूवर भराव घालायचा, तर वाळूची ये-जा अडेल आणि पट्टी आणखी कमकुवत होईल. १९६४ पेक्षा आज समुद्राची पातळी वर आहे.

जोडायचंच असेल तर आधी रामेश्वर आणि तलैमन्नार जोडावेत. दोन्हीकडे स्टेशनं आहेत, दोन्हीकडे धक्क्याची जागा आहे, आणि दोन्ही काठांवर एकमेकांचे नातेवाईक राहतात. उणीव आहे ती फक्त बोटीची. धनुष्कोडीच्या भग्न भिंती जशा आहेत तशा जपाव्यात, ६५३ क्रमांकाच्या गाडीतल्या माणसांची आणि त्या धक्क्यावरून मळ्यांवर गेलेल्या मजुरांची नोंद तिथे ठळकपणे लावावी, आणि वाळूवर अजूनही राहणाऱ्या कोळी कुटुंबांना पाणी, शाळा आणि वादळाची वेळेवर सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. वादळानंतर रेल्वेने पूल पुन्हा उभा केला आणि स्टेशन सोडून दिलं. तो निर्णय हताशपणाचा नव्हता, जमीन ओळखून घेतलेला होता, आणि समुद्रकाठी काहीही बांधणाऱ्या प्रत्येकाने आधी तोच अभ्यास करायला हवा.